सुई पायाला, दुखणं पोटात

दुखतंय ओटीपोटात आणि मॅडम सुई लावतात पायाला, हे पहिल्या खेपेला कुणालाच पटत नाही. आतल्या बाजूचा घोटा, त्याच्या टोकापासून वर पेशंटच्याच हाताची चार बोटं आडवी ठेवायची आणि नडगीच्या हाडाची मागची कड चाचपत यायचं. पाळी तोंडावर आलेल्या बाईला तिथं नुसतं बोट टेकवलं तरी ती पाय ओढून घेते. "तिथं कशानं दुखालंय ओ मॅडम? मी कुठं पडले-बिडले नाही." या जागेचं चिनी नाव सानयिनजिआओ. आमच्या नकाशात प्लीहेच्या वाहिनीवरचा हा सहावा बिंदू. पाळीच्या दुखण्यावर ॲक्युपंक्चर करणारा माणूस, मग तो बीजिंगचा असो की बर्लिनचा, बहुतेक वेळा आधी याच जागेकडे वळतो.

माझा दवाखाना सोलापूरच्या पूर्वभागात आहे. आसपास विडी वळणाऱ्या बायका, गारमेंटमध्ये शिलाईवर बसणाऱ्या, आणि अलीकडे त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुली. मी मूळची होमिओपॅथीची पदवीधर, ॲक्युपंक्चर नंतर शिकले. गुडघे, कंबर, मान यांच्यावर माझं पोट चालतं. पाळीच्या दुखण्यासाठी म्हणून कुणी येत नसे. बाई यायची गुडघ्यासाठी. टेबलावर आडवी झाली, सुया लावून झाल्या की वीस-पंचवीस मिनिटं तिला हलता येत नाही. समोर छत आणि शेजारी मी. तेव्हा कधीतरी ती विचारायची, "पोटासाठी पण काही असतंय का ओ यात?" बहुतेकींनी हा विषय असाच, माझ्याकडे न बघता काढलेला आहे.

आधी दुखणं म्हणजे काय होतं ते. गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटायला लागलं की त्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती स्नायूला आवळायला लावतात. आवळलेल्या स्नायूला रक्त कमी मिळतं आणि कळ येते. हीच रसायनं थोडी आजूबाजूलाही काम दाखवतात, म्हणून पहिल्या दिवशी कुणाला जुलाब होतात, कुणाला उलटी, कुणाच्या मांड्या भरून येतात. कुठलाही आजार नसताना होणारं हे दुखणं. पाळी सुरू झाल्यानंतर वर्षा-दोन वर्षांत ते चालू होतं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत ओसरतं. पायातल्या सुईचा त्याच्याशी संबंध काय, याचं मी देते ते उत्तर असं: पायाच्या आणि ओटीपोटाच्या नसा पाठीच्या कण्यात शेजारशेजारच्या मजल्यांवर शिरतात. एका मजल्यावर गडबड झाली की दुसऱ्यावर ऐकू जाते. सुईनं खालच्या मजल्यावर मुद्दाम थोडी हालचाल करायची. बीजिंगमधल्या हान जिशेंग यांनी आयुष्य घालवून दाखवलं की सुईला सौम्य विजेची जोड दिली तर मेंदू आणि मज्जारज्जू स्वतःची वेदनाशामकं सोडतात. दोन हर्ट्झच्या संथ ठोक्याला एक प्रकारची, शंभर हर्ट्झच्या जलद ठोक्याला दुसऱ्या प्रकारची. वाहिन्या, ची, यिन आणि यांग हे मी शिकले आहे, जागा शोधताना त्याच नकाशानं चालते, पण पेशंटला समजावताना नसांच्याच भाषेत बोलते.

सुई केसापेक्षा जाड, पाव मिलिमीटरच्या आसपास. इंजेक्शनसारखी पोकळ नसते, भरीव असते. तिच्यात औषध नाही, हे ऐकून काहींचा हिरमोड होतो. एकदा वापरली की पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची. सुई योग्य जागी पोचली की पेशंटला काहीतरी जाणवतं आणि त्याला प्रत्येकीचा शब्द वेगळा. जड झालं. मुंग्या आल्या. आत ओढ बसली. करंट गेल्यागत झालं. चीनमध्ये या जाणिवेला महत्त्व देतात आणि मीही देते.

टेबलावर घेण्याआधी मी काय जेवलीस ते विचारते. उपाशीपोटी सुई लावली तर चक्कर येते, घाम फुटतो, क्वचित बाई बेशुद्ध पडते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी हा प्रश्न दोनदा विचारावा लागतो. सकाळपासून चहावर असलेली बाई "जेवले की" असं सरळ खोटं सांगते, कारण उपास सांगितला तर मॅडम परत पाठवतील आणि आजची फेरी फुकट जाईल. नंतरचा प्रश्न, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का? घोट्यावरची ती जागा आणि हाताच्या अंगठ्याजवळची हेगू, या दोन्ही गरोदरपणी टाळायच्या असा जुना दंडक आहे. तो मोडायची मला गरज कधी वाटलेली नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे तिसरं.

सोलापुरात सुईचं दुकान मांडलं की कोटणीसांचं नाव निघतंच. भैय्या चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे, शाळेच्या सहली तिथं जातात, आणि मोठ्या वयाचे पेशंट मला मोठ्या अभिमानानं सांगतात की ही विद्या आमच्या गावच्या डॉक्टरनं चीनमधून आणली. आणली नाही. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, आणि कलकत्त्याचे बसू व मुखर्जी. कोटणीस युद्धभूमीवर शस्त्रक्रिया करत होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिकडेच गेले. त्यांच्यावरचा शांतारामबापूंचा सिनेमा १९४६ चा, पण त्यातही सुया नाहीत. ॲक्युपंक्चर शिकून आले ते त्यांचे सोबती बिजयकुमार बसू. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले आणि कलकत्त्यात परतून त्यांनी ही उपचारपद्धती सुरू केली. पुढं कोटणीसांच्या नावानं ॲक्युपंक्चरचे दवाखाने निघाले आणि गावच्या लोकांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एक झाल्या. मी सुरुवातीला हौसेनं दुरुस्ती करायची. आता समोरचा माणूस किती वेळ बसणार आहे ते बघून ठरवते.

कायद्याचं म्हणाल तर पश्चिम बंगालनं १९९६ सालीच ॲक्युपंक्चरचा कायदा केला. केंद्र सरकारनं २००३ मध्ये उपचाराची एक रीत म्हणून त्याला मान्यता दिली आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१५ चा. त्यामुळे आता परिषद आहे, नोंदणी आहे, भिंतीवर लावायला प्रमाणपत्र आहे. पेशंट ते वाचत नाहीत. शेजारणीला फरक पडला का, एवढंच त्यांना हवं असतं.

आणि फरक मोजायचा कसा, इथं माझी खरी अडचण सुरू झाली. पुस्तकात दिलंय, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. पेशंटला आकडा विचारा. मी विचारायची. उत्तरं यायची ती "लई", "नेहमीसारखं", किंवा "सगळंच". एक बाई तर म्हणाली, "दहा म्हणजे बाळंतपण का? मग आठ. पण बाळंतपण एकदा असतंय, हे दर महिन्याला." त्या आकड्याचं मी काय करणार?

मग विडीवाल्या बायकांनीच मला त्यांचं माप दिलं. विडीची मजुरी हजारावर असते. पानं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, सुतानं बांधायची, सूप मांडीवर आणि बाई दिवसभर मांडी घालून खाली. दुखण्याच्या पहिल्या दिवशी ती बसू शकत नाही. मी विचारायला लागले, "त्या दिवशी किती विड्या झाल्या?" याचं उत्तर लगेच यायचं. सहाशे. साडेचारशे. एकदा काहीच नाही, पोरीकडून वळून घेतल्या. हा आकडा त्यांना विचार करून सांगावा लागत नाही, कारण त्याचे पैसे कापले गेलेले असतात. मी वहीत तसाच लिहायला लागले. महिना, सुया किती वेळा, गोळ्या किती, विड्या किती. शिलाईवालीचे पीस, कॉलेजच्या मुलीचे बुडलेले तास. कुठल्याही संशोधकाला ही वही दाखवली तर तो हसेल. पण कुंभारीच्या घरकुलातून दोन बस बदलून आलेली बाई जेव्हा म्हणते, "ह्या खेपेला साडेआठशे झाल्या," तेव्हा आम्हा दोघींना नेमकं काय झालं ते कळतं.

संशोधनाचं मी वाचते. सगळ्यात जास्त वेळ मी घालवलाय तो १९८७ सालच्या एका छोट्या अभ्यासावर. कॅलिफोर्नियात जोसेफ हेल्म्स यांनी त्रेचाळीस बायकांचे चार गट केले. एका गटाला खऱ्या जागी सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी सुया. तिसऱ्या गटाला काहीच नाही. चौथा गट मला फार आवडतो. त्या बायकांना उपचार दिले नाहीत, पण डॉक्टरांशी नियमित भेटी ठेवल्या. खऱ्या सुयांच्या गटात अकरापैकी दहा जणींना बरं वाटलं, खोट्या सुयांत अकरापैकी चौघींना. काहीच न केलेल्यांत अकरापैकी दोघी. आणि नुसत्या भेटींच्या गटात दहापैकी एक. आमच्या धंद्याला नावं ठेवणारे म्हणतात की बाईचं कुणीतरी ऐकून घेतं म्हणून तिला बरं वाटतं. मलाही पुष्कळदा तसं वाटलं आहे. पण चौथ्या गटातल्या दहा जणींना डॉक्टर भेटत होते, तरी त्यांतल्या नऊ जणींना बरं वाटलं नाही.

अर्थात अकरा बायकांवरून जगाला सांगायला जाऊ नये. २००८ मध्ये बर्लिनहून मोठं काम आलं. दोनशे एक बायका, निम्म्यांना तीन महिन्यांत पंधरापर्यंत बैठका, बाकीच्यांना नंतर. तीन महिन्यांनी सुया घेतलेल्यांचं दुखणं दहाच्या पट्टीवर सरासरी ३.१, न घेतलेल्यांचं ५.४. पण इथं खोट्या सुया कुणालाच नव्हत्या. आपल्याला उपचार मिळतोय की आपण वाट बघतोय हे प्रत्येकीला ठाऊक होतं. मग २०१६ साली कॉक्रेन या संस्थेनं जगभरचे बेचाळीस प्रयोग, साडेचार हजारांवर बायका, असं सगळं एकत्र चाळलं आणि निष्कर्ष दिला की पाळीच्या दुखण्यावर ॲक्युपंक्चर चालतं की नाही हे सांगायला पुरेसा भरवशाचा पुरावा नाही. बहुतेक प्रयोग कच्चे होते. हा निष्कर्ष छापून मी ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. कॉलेजची मुलगी फोनवर वाचून आली आणि "मॅडम, हे सिद्ध झालंय ना?" म्हणाली तर तिला तोच काढून दाखवते. काही जणी उठून जातात, आणि ते बरोबरच आहे. बऱ्याचशा तरी म्हणतात, बघू तर तीन महिने.

खोट्या सुईची भानगड मात्र वाटते तितकी सोपी नाही. भलत्या जागी सुई घातली तरी ती टोचतेच, आणि टोचलेली नस काहीतरी करतेच. टोक आत न जाता मुठीत सरकणारी नकली सुईसुद्धा आहे, पण तीही त्वचेवर दाब देते. गोळी खोटी करायची तर साखरेची करता येते. सुई, मालीश, शेक यांचं खोटं रूप करायचं कसं? हे म्हणून मी माझी बाजू राखते आहे असं कुणाला वाटेल, आणि थोडी राखतेही आहे. पण माझ्या टेबलावर जे होतं त्यातलं किती सुईचं, किती अर्धा तास पाय लांब करून पडण्याचं, किती "पुढच्या महिन्यात या दिवशी ये" म्हटल्यामुळे आलेल्या धीराचं, हे मला वेगळं काढता आलेलं नाही. विडी वळणाऱ्या बाईच्या दिवसात अर्धा तास आडवं होणं हे किती मोठं औषध आहे ते अमेरिकेत कुणी तपासलेलं नसणार.

रीत अशी. पाळी यायच्या आठवडाभर आधी सुरू करायचं, दोन-तीन बैठका, आणि पहिल्या दिवशी जमलं तर एक. तीन पाळ्या बघायच्या. तिसऱ्या पाळीत विड्यांचा आकडा जागचा हलला नसेल तर मी पुढं बोलवत नाही. पहिल्या दिवशी मात्र बहुतेकींना येणं जमतच नाही. कुणाला घरातून निघवत नाही, कुणाला देवघरासमोरून जाता येत नाही आणि दाराची वाट तिथूनच आहे. म्हणून मी घोट्यावरची जागा त्यांना दाबायला शिकवते. अंगठ्यानं, एकेका पायाला पाच मिनिटं, नवऱ्याकडून दाबून घेतलं तरी चालतं. यावर टेबलावरची बाई हमखास हसते. नवऱ्याकडून पाय दाबून घ्यायचे! पण दोघी-तिघींनी खरंच घेतले आणि पुढच्या खेपेला न विचारता सांगितले.

सुयांपेक्षा बायकांना मॉक्सा आवडतो. ही दवण्याच्याच कुळातली एक वनस्पती, तिची वाळवलेली पानं कुटून केलेली जाड कांडी. जोतिबाला आपण वाहतो त्या दवण्याची ही लांबची बहीण. कांडी पेटवून बेंबीखाली चार बोटांवर, कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटर उंच धरायची आणि ऊब आत मुरू द्यायची. धूर भरपूर होतो. सुरुवातीच्या दिवसांत शेजारच्या गाळ्यातला शिंपी अंगठ्यानं ओढल्याची खूण करत विचारून गेला, "मॅडम, इथं पेशंट काय ओढतात का?" आता खिडकीला पंखा बसवलाय. ऊब आवडायला चिनी पोथीची गरज नाही. २००१ साली एका प्रयोगात पोटावर जवळपास एकोणचाळीस अंशांची पट्टी सतत ठेवली, तेव्हा तिनं आयबुप्रोफेनच्या तोडीचा आराम दिला होता. तेव्हा ज्यांना माझ्याकडे येणं परवडत नाही त्यांना मी गरम पाण्याची पिशवी घ्यायला सांगते. मेडिकलमध्ये मिळते. माझं गिऱ्हाईक जातं, पण बाईचा पहिला दिवस निघतो.

गोळ्यांशी माझं भांडण नाही. मेफेनॅमिक ॲसिडची गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करते, म्हणजे दुखण्याच्या मुळाशी जाते. तीही कळ पराकोटीला गेल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच, काहीतरी खाऊन घेतली तर जास्त चालते. आमच्याकडे उलटं असतं. दुपारपर्यंत सोसायचं, मग रिकाम्या पोटी दोन एकदम. २०२३ च्या अखेरीला इंडियन फार्माकोपिया कमिशननं या औषधाच्या एका विरळ पण गंभीर प्रतिक्रियेबद्दल सावध केलं, आणि आठवडाभर माझ्याकडे घाबरलेल्या मुली मोबाईल पुढं करत येत होत्या. वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळीनं आता काय होणार? ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असं काही झालं तर गोळी बंद करून डॉक्टरांकडे जा, एरवी घाबरू नका, एवढं सांगून मी त्यांना परत पाठवलं. सुया लावून घ्या आणि गोळ्या फेकून द्या, असं म्हणायची ती छान संधी होती. तसं म्हणणारे आहेत. सुयांनी गोळ्या दोनवरून एकीवर आल्या तरी माझ्या लेखी काम झालं.

या सगळ्याहून जास्त वेळ जातो तो कुणाला सुई लावायची नाही हे ठरवण्यात. पाळी सुरू झाल्यापासून दहा वर्षं काही नाही आणि पंचविशीत अचानक दुखायला लागलं. दुखणं दर महिन्याला वाढतंय. पाळी नसतानाही दुखतं. शौचाला बसताना कळ येते, नवऱ्याजवळ जाताना दुखतं, कपडे भिजून जाईपर्यंत अंगावर जातं. यातलं एक जरी निघालं तरी मी सुया बाजूला ठेवते. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतंय का, भिंतीत शिरलंय का, गाठ आहे का, हे आधी बघायला हवं. सोनोग्राफीत बीजकोशावरची गाठ दिसते, पसरलेले बारीक ठिपके बऱ्याचदा दिसत नाहीत, म्हणून "रिपोर्ट नॉर्मल" यावर मुलीला गप्प बसवू नये. सुईनं अशा बाईलाही थोडं बरं वाटू शकतं, आणि धोका तोच आहे. बरं वाटलं की ती तपासणीला जात नाही.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या पट्ट्यातून कधीमधी बीडकडच्या टोळ्यांतल्या बायका येतात. कंबर घेऊनच येतात, आणि तिशीतल्या बाईला मागचं विचारलं की सहज सांगते, "पिशवी काढलीय." बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. सरकारी समितीच्या पाहणीत ब्याऐंशी हजारांवर बायकांमध्ये तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तिथंही दुखणं मोजलं जातं, पण त्याचं माप मुकादमाच्या वहीत असतं. एक दिवस कामावर नाही म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. पाळीचे दोन दिवस, हंगामातला प्रत्येक महिना. फडावर संडास नाही, पाणी नाही, चार वाजता उठून मोळ्या वाहायच्या. या हिशेबात शस्त्रक्रिया स्वस्त पडते, निदान तसं त्यांना पटवून दिलेलं असतं. माझ्याकडे आलेल्या अशाच एका बाईला मी कमरेला सुया लावल्या आणि विचारलं की पिशवी कशासाठी काढली होती. "पोट दुखायचं." अजून काही? "अंगावर पांढरं जायचं." तपासणी काय केली होती? कागद गावी. वय एकतीस. गर्भाशयासोबत बीजकोशही काढलेत का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यावर हाडांचं पुढचं सगळं अवलंबून असतं. ती दोनदा आली, मग टोळी पुढच्या गावाला गेली.

आता पूर्वभागातल्या आया मुलींना घेऊन येतात, हा मला दिसलेला बदल. विडी वळणारी एक जण तिच्या बारावीतल्या मुलीला घेऊन आली. मुलगी प्रॅक्टिकलला बसू शकली नव्हती. आई म्हणाली, "लग्न झालं की थांबतंय म्हणतात. पण परीक्षा आधी आहे की ओ." मी मुलीला सगळे प्रश्न विचारले. पाळी तेराव्या वर्षी, दुखणं चौदाव्यापासून, दीड दिवस, नंतर काही नाही. साधं दुखणं. तिला सुया लावल्या. एका पायाला लावून झाल्यावर तिनं दुसऱ्या पायाचं बोट हलवून बघितलं आणि मोबाईल मागितला. नाही म्हटलं.

आई स्टुलावर बसली होती. प्रश्न तिनंही ऐकले होते. थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही तिला विचारलं ना, पाळी नसताना दुखतंय का. मला दुखतंय." कधीपासून? "ही पाचवीला होती." जास्त जातं? तिनं मुलीकडे बघितलं, मुलीनं छताकडे. "दोन-दोन चादरी खराब होतात." सोसत का बसलात, असं काही मी विचारलं नाही. त्याचं उत्तर मला ठाऊक आहे, तिच्या हजारात आहे. चिठ्ठीवर सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन लिहिलं, सरकारी दवाखान्यात स्त्रीरोग विभाग कुठल्या दारानं ते सांगितलं. तिनं चिठ्ठीची घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली. "मला पण ह्या सुया लावा की आधी."

"आधी ते करून या. मग लावते."

"दिवाळी झाल्यावर बघते."

"दिवाळीला दोन महिने आहेत मम्मी," टेबलावरून मुलगी म्हणाली. "सोमवारी मला कॉलेज नाही." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, सोमवारी किती वाजता जायचं असतं?"

मी सांगितलं, सकाळी लवकर, केसपेपरची रांग मोठी असते. आई म्हणत होती की सोमवारी विड्या द्यायला जायचंय. मुलगी म्हणाली, तिकडून थेट जाऊ.